दादाची दहावी

मोठ्या बाईंनी फॉर्म फिरवून जयासमोर सरकवला आणि सहीच्या जागी पेन्सिलीने बारीकशी फुली केली.

"इथे. पालक म्हणून."

जयाने पेन उचललं नाही. ती फॉर्म वाचू लागली. संघमित्रा भाऊराव इंगळे, इयत्ता नववी, तुकडी ब. शाळा सोडण्याचं कारण या ओळीपुढे कुणीतरी निळ्या शाईने आधीच लिहून ठेवलं होतं : पालकांच्या इच्छेनुसार.

"माझी इच्छा कधी विचारलीत बाई?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावण्याइतकं त्राण त्यांच्यात उरलेलं दिसत नव्हतं. बाहेरच्या बाकावर आणखी चार-पाच आया बसल्या होत्या, आणि मोठ्या बाई सकाळपासून प्रत्येकीशी हेच बोलत होत्या.

"ताई, ती सगळ्या विषयांत नापास आहे. दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून थेट दहावीला बसेल. तिचं वर्ष वाचेल."

"आणि शाळेचा निकाल वाचेल."

"हो, तोही वाचेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "निकाल पडला की मुलं येत नाहीत. मुलं नाहीत की तुकडी जाते. मी तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

वॉर्डात डॉक्टर असं सरळ बोलले की नातेवाईक गप्प होतात, ते जयाने रोज पाहिलं होतं. मुलुंडच्या एका खासगी हॉस्पिटलात ती बारा वर्षं मावशी म्हणून काम करत होती.

"पण आठवीपर्यंत ती पास होत आली. तेव्हा मला कुणी बोलावलं नाही."

कपाटाशी उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका सुलक्षणाबाई पुढे आल्या. "आठवीपर्यंत ती दुसऱ्या शाळेत होती. जूनमध्ये माझ्या वर्गात आली तेव्हा मी सगळ्यांची चाचणी घेतली. चौथीची गणितं आणि दुसरीचा धडा. अर्ध्या वर्गाला जमलं नाही."

"माझ्या पोरीला येतं. माझ्यासमोर विचारा."

सुलक्षणाबाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मग दाराशी जाऊन हाक मारली. मित्रा आत आली. ओढणी खांद्याला पिन लावून घट्ट बसवलेली, केसांना तेल. पंधराव्या वर्षी ती आईपेक्षा बोटभर उंच झाली होती. बाईंनी कागदावर गणित लिहून दिलं. चारशे आठ भागिले चार.

मित्रा उभ्यानेच वाकली. डावा हात टेबलाखाली गेला. तिथे तिची बोटं एकेक करून मिटत होती, ते जयाला बसल्या जागेवरून दिसत होतं. तिने बारा लिहिले आणि मान वर केली. पण तिने कागदाकडे पाहिलं नाही, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पेन उचलून बाराच्या पुढे शून्य लावलं. पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं.

"ठीक आहे बाळा. जा तू बाहेर," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

जयाने फॉर्मची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. "उद्या आणून देते."

दोघी कांजूरच्या बाजारातून चालत निघाल्या. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. मित्रा दोन पावलं मागे चालत होती. भाजीवाल्याच्या छत्रीखाली सावली आली तशी ती जवळ आली.

"मम्मी, सही करून टाक ना."

"नववी परत कर म्हणते मी. परत बसवायला शाळा नाही म्हणू शकत नाही, मला ठाऊक आहे."

"मला नको त्या वर्गात परत. उभं करून वाचायला लावतात. जोडाक्षर आलं की सगळे आधीच हसायला तयार असतात."

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तू ड्युटीवरून यायचीस आणि विचारायचीस, अभ्यास झाला? झालेला असायचा ना. जेवढा येत होता तेवढा."

जयाचं डोकं सहा वर्षं मागे गेलं होतं.

शाळा बंद झाल्या तेव्हा घरात एकच मोठा फोन होता. नवरा त्याच्या तीन वर्षं आधीच किडनीच्या आजाराने गेला होता. जयाकडे बटणांचा फोन होता, तोही हॉस्पिटलात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वापरायचा. कोविडच्या वॉर्डात ड्युटी लागली की पंधरा-पंधरा दिवस घरी सोडत नसत. त्या जूनमध्ये प्रबुद्ध दहावीत गेला आणि मित्रा चौथीत. दोघांचे तास सकाळी अकरालाच असायचे. भांडण झालं नाही. भांडण होण्याआधीच जयाने निकाल दिला होता.

"यंदा दादाची दहावी आहे. फोन त्याच्याकडे राहील. तुझं काय गं, चौथी. पुढे भरून निघेल."

मित्राने लगेच मान हलवली होती. दादाचा तास सुरू झाला की ती पंखा बंद करायची, आवाज नको म्हणून. दारात बसून राहायची. कुणी हाक मारली तर तोंडावर बोट ठेवायची. शेजारची सुलोचना हे सगळं कौतुकाने जयाला फोनवर सांगायची, आणि जया हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून ऐकायची.

तिचा अभ्यास मात्र होत होता. रात्री दादाच्या फोनवर शाळेचे कागद यायचे, ते सोडवून फोटो पाठवायचा. बाई त्यावर लाल चांदणी काढून परत पाठवायच्या. जया घरी आली की मित्रा तिला चांदण्या दाखवायची. एका महिन्यात एकोणीस चांदण्या. जयाने ते वॉर्डातल्या सिस्टरनाही सांगितलं होतं.

दहावीची परीक्षा झालीच नाही. एप्रिलमध्ये रद्द झाल्याचं कळलं आणि जुलैत प्रबुद्धला सत्त्याऐंशी टक्के मिळाले. विहारात गुणवंतांचा सत्कार झाला. त्याने विज्ञान शाखा घेतली, बारावीला दोनदा बसला, तिसऱ्यांदा फॉर्म भरला नाही. आता तो दहा मिनिटांत किराणा पोहोचवणाऱ्या एका कंपनीची गाडी चालवत होता.

तो दुपारी जेवायला घरी आला तेव्हा फॉर्म जमिनीवर उलगडून ठेवलेला होता. त्याने हेल्मेट काढून तो उभ्याने वाचला.

"सतरा नंबर," तो म्हणाला. "आमच्या वर्गात पण होते असे दोघं-तिघं. गेले कुठे काय माहीत."

"चारशे आठला चारने भाग दे म्हणाल्या बाई. तिने बारा लिहिले," जया म्हणाली. "चौथीतलं गणित. चौथीत चांदण्या मिळाल्या होत्या तिला."

प्रबुद्धने ताट ओढून घेतलं. पहिला घास हातातच राहिला.

"चांदण्या मला मिळाल्या होत्या मम्मी."

"म्हणजे?"

"ते कागद मीच लिहायचो. डाव्या हाताने. रात्री तिला झोप यायची, समजावून सांगण्यात टाईम जायचा. मला माझा पण अभ्यास पाठवायचा असायचा." त्याने बहिणीकडे पाहिलं. "तिला म्हटलं, तू फक्त नाव लिही."

मित्रा मोरीत भांडी घासत होती. तिने नळ बंद केला नाही.

जया उठली. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मागचा महिना फाडून पाठकोरा कागद केला.

"मित्रा, इकडे ये. हात पूस."

जया हिंगोलीकडच्या खेड्यात सातवीपर्यंत शिकली होती. गुरुजी शेणाने सारवलेल्या ओट्यावर खडूने गणितं घालायचे. तिने चारशे आठ लिहिले. "चाराला चार, एकदा. बरोबर? आता शून्य खाली घेतलं. शून्यात चार जातात का?"

"नाही."

"नाही जात, तर काय लिहायचं?"

"काहीच नाही. पुढचं घ्यायचं."

"इथेच चुकतं. नाही जात, हे लिहावं लागतं. शून्य म्हणजे नाही जात. त्याची जागा सोडायची नाही. मग आठ घे."

मित्राने आठ घेतले. एकशे दोन. ती कागदाकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच खाली सहाशे अठरा भागिले सहा मांडलं, सोडवलं. नऊशे सत्तावीस भागिले नऊ. दोन हजार चौदा भागिले दोन, त्यात दोन शून्यं येत होती, तिथे ती जरा अडली आणि सुटली. या वेळी तिने कुणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

प्रबुद्धचं जेवण अजून संपलं नव्हतं. वीस मिनिटंही झाली नव्हती.

"एवढंच होतं?" मित्रा म्हणाली.

ती हसत होती. "मला वाटायचं माझ्या डोक्यातच काहीतरी कमी आहे. मम्मी, अजून सांग ना. पाचवीचं सांग."

जयाने अपूर्णांक सांगितले. भाकरीचे चतकोर करून नाही, गुरुजींनी सांगितले होते तसेच, वर अंश, खाली छेद. अर्धा तास गेला. काही कळलं, काही निसटलं. मग मित्रा नववीचं पुस्तक घेऊन आली आणि तिने मधलंच एक पान उघडलं. अवयव पाडा. एक्सचा वर्ग, अधिक पाच एक्स, अधिक सहा.

"हे माझ्या वेळी नव्हतं. हे तुझ्या दादाला येईल," जया म्हणाली. "त्याला विचार."

प्रबुद्धने हात धुतले, पुसले, पुस्तक घेतलं. बराच वेळ पाहिलं. कॅलेंडरच्या कागदावर त्याने गणित उतरवून घेतलं, बरोबरचं चिन्ह केलं आणि पुढे पेन टेकवून ठेवलं. पेनाच्या टोकाशी शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"आठवत नाही का?" जयाने विचारलं.

"आठवायला आधी आलं पाहिजे ना." तो खाली बघूनच बोलत होता. "स्क्रीनवर सर करायचे तेव्हा कळल्यासारखं वाटायचं. मध्येच नेट जायचं. परत यायचं तेव्हा सर पुढच्या गणितावर गेलेले असायचे. उत्तरं ग्रुपवर यायची, ती उतरवायची. नंतर नंतर तर मी हजेरी लावायचो आणि गेम खेळायचो. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो मम्मी. दिवसभर एकटा."

"आणि ही दारात बसायची," जया म्हणाली.

"ती दारात बसायची ना, म्हणून तर फोन बंद करता यायचा नाही."

मित्राने पुस्तक त्याच्या हातातून हळूच काढून घेतलं. "राहू दे दादा. मला आज भागाकार आला."

त्याचा फोन वाजला. ऑर्डर आली होती. तो हेल्मेट घेऊन निघाला, आणि चार पायऱ्या उतरून पुन्हा वर आला. चावी विसरली होती. चावी घेताना त्याने आईकडे पाहिलं नाही.

जया कागदावरची गणितं बघत बसली. मुलांना आपल्यापेक्षा जास्त यावं म्हणून तिने पंधरा-पंधरा दिवस त्या वॉर्डात काढले होते, गेलेली माणसं प्लॅस्टिकमध्ये बांधून पाठवली होती. हॉस्पिटलात कुणी विचारलं की ती सांगायची, मी अडाणीच, पण माझी मुलं शिकतात. आज या घरात सगळ्यात जास्त शिकलेली तीच होती. सातवी पास.

दुसऱ्या दिवशी तिने सही केली. मित्राला त्या वर्गात परत बसायचं नव्हतं, आणि बसवूनही तिच्या चौथीपासून कुणी सुरुवात करणार नव्हतं. मोठ्या बाईंनी फॉर्म घेतला, दाखला चार दिवसांत मिळेल म्हणाल्या, पाणी विचारलं. बाहेरच्या बाकावर आज वेगळ्या आया होत्या.

सुलक्षणाबाई जिन्यापर्यंत पोचवायला आल्या. "काही लागलं तर सांगा," त्या म्हणाल्या. सगळेच म्हणतात तसं.

"लागतंय," जया म्हणाली. "आठवीचं गणिताचं जुनं पुस्तक असेल तर द्या."

"ती तर आता दहावीला बसणार. आठवीचं कशाला?"

"मला पाहिजे. सातवीपर्यंतचं मी तिला सांगेन. पुढचं मला आधी शिकावं लागेल."

सुलक्षणाबाईंनी शिक्षकांच्या खोलीतून एक पुस्तक आणून दिलं. त्याचं मुखपृष्ठ फाटलं होतं, पण पानं कोरी होती. बंदच्या वर्षात वाटायला आलेलं, कुणी न्यायला न आलेलं.

फाटकाबाहेर गुलमोहराखाली जया उभी राहिली आणि तिने पहिलं प्रकरण उघडलं. परिमेय व अपरिमेय संख्या. तिने पहिला परिच्छेद वाचला. जोडाक्षरासकट, न अडखळता, शेवटच्या शब्दापर्यंत. मग पुन्हा पहिल्या ओळीवर आली. शब्द सगळे मराठी होते. तिने तिसऱ्यांदा वाचलं, या वेळी ओळीखाली बोट धरून.

फाटकाशी थांबलेली मित्रा जवळ येऊन तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"काय लिहिलंय मम्मी?"

जयाने पुस्तक मिटलं आणि पिशवीत घातलं.

"घरी गेल्यावर सांगते."

मित्राने मान हलवली. घरी गेल्यावर तिने विचारलं नाही.