शेवटच्या होलचा फटका

दंतवैद्याने नव्या काठीवरची मखमली टोपी काढली आणि ती खिशात अशी कोंबली, जणू आता तिची गरज लागणारच नव्हती. पहिल्या लांब फटक्याची ही काठी म्हणजे ड्रायव्हर. डोकं नारळाएवढं, आतून पोकळ आणि हलकं. दुकानदाराने पडद्यावर रेघोट्या काढून पटवलं होतं, की मनगट चुकलं तरी काठी ते सांभाळून घेते. दंतवैद्याला आयुष्यात प्रथमच कोणीतरी सांभाळून घेणारं भेटलं होतं.

"मारा, डॉक्टर. की आधी तिची पूजा करायची आहे?" साडू म्हणाला.

साडू निवृत्त न्यायाधीश. त्याच्या हातात लाकडी डोक्याची जुनी काठी होती. मुठीच्या चामड्याला आता चामडं म्हणणं हा निव्वळ शिष्टाचार होता. लग्न झाल्यापासून दंतवैद्य त्याच्याशी खेळत होता आणि लग्न झाल्यापासून हरत होता. पुढच्या आठवड्यात साडूच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर गोल्फ बंद, असं सर्जनने बजावलं होतं. आज सामना बरोबरीत होता आणि हा शेवटचा होल. आज नाही तर कधीच नाही.

दंतवैद्याने मारला. आवाज असा आला की झाडावरचे पक्षी उठले. चेंडू सरळ गेला आणि समोरच्या उंचवट्यापलीकडे दिसेनासा झाला. साडूनेही मारला. तोही सरळ, तोही पलीकडे; फक्त पक्षी आधीच उठून गेले होते.

उंचवटा चढल्यावर दोघेही थांबले. खाली गवतात दोन पांढरे ठिपके होते. एक बऱ्यापैकी अंतरावर आणि दुसरा त्याच्याही पुढे इतका लांब, की दंतवैद्य काठीकडे आदराने पाहू लागला.

"बाप रे," साडू म्हणाला. "हे तुमच्या काठीचं काम दिसतंय."

"तसं सोपं असतं हातात बसली की," दंतवैद्य म्हणाला आणि पाय जमिनीला लागतात की नाही, याची खात्री करत निघाला.

होलपासून ज्याचा चेंडू लांब, त्याने आधी मारायचं. साडू मागच्या चेंडूपाशी थांबला. वाकून पाहणं गुडघ्याने केव्हाच बंद केलं होतं. त्याने उभ्याउभ्याच मारला आणि चेंडू होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, म्हणजे ग्रीनवर, नेऊन बसवला. मग दंतवैद्य पुढच्या चेंडूवर गेला. एवढ्या आनंदात चेंडूला निरखून कोण बघतो? त्याचाही ग्रीनवर पोचला.

साडूचा चेंडू गवतावरून सरपटत गेला आणि होलमध्ये पडला. दंतवैद्याचा पडला असता तर बरोबरी राहून आणखी एक होल खेळायला मिळाला असता. चेंडू काठापर्यंत गेला, आत डोकावला आणि विचार बदलून बाजूला थांबला.

"हरलो," दंतवैद्य म्हणाला.

जिंकल्यावर गुडघा कमी दुखत असावा. साडू स्वतः वाकला, होलमधून चेंडू काढला, क्षणभर तळहातावर पाहिला आणि मूठ मिटून हात खिशात घातला. दंतवैद्याने काठावरचा चेंडू उचलला. त्यावर हिरवा ठिपका होता.

हिरवा ठिपका साडू आपल्या चेंडूवर काढायचा. दंतवैद्याच्या चेंडूवर निळी रेघ असायची.

दंतवैद्याने चेंडू बोटांत फिरवून पुन्हा पाहिला. लांबचा चेंडू साडूचा होता. जवळचा त्याचा. दोघांनी एकमेकांचे चेंडू मारले होते, आणि नियम असा, की दुसऱ्याचा चेंडू आधी मारेल त्याने होल गमावला. आधी साडूने मारला होता. म्हणजे होल आपला. सामना आपला. फक्त तोंड उघडायचं होतं. साडूने बागेतल्या पोरांच्या खेळातही कधी नियम वाकू दिला नव्हता. तो एका शब्दानेही हुज्जत घालणार नव्हता.

"साडूसाहेब, हा चेंडू..."

"काय फटका होता हो तो," साडू घाईघाईने म्हणाला. त्याचा हात खिशातच होता. "एवढ्या वर्षांत असा पाहिला नाही. खोटं नाही सांगत."

दंतवैद्याने ठिपका अंगठ्याने झाकला. त्याने उंचवट्याकडे पाहिलं, नव्या काठीकडे पाहिलं. मग हळूच त्याचाही हात खिशात गेला.

"वारा नव्हता," तो म्हणाला. "नाहीतर आणखी गेला असता."

व्हरांड्यात दोघी बहिणी चहा घेत बसल्या होत्या.

"कोण जिंकलं?" धाकटीने विचारलं.

"मी," साडू म्हणाला. "पण फटका विचार तुझ्या नवऱ्याला. उंचवट्यापलीकडे, पार..." त्याने मोकळ्या हाताने दिशा दाखवली. बाकीचं अंतर दंतवैद्याने आपल्या मोकळ्या हाताने पूर्ण केलं.

"हरूनसुद्धा एवढे खूश?" बायको म्हणाली. "म्हणजे काठी कामाची निघाली म्हणायची."

"मग. काठीचा फरक पडतोच."

"तो चेंडू शोकेसमध्ये ठेवा," मोठी बहीण म्हणाली. "दाखवा बघू."

दोघांचेही हात खिशांत आणखी खोल गेले.

"चेंडूत काय बघायचंय," न्यायाधीश म्हणाले. "चेंडू सगळे सारखेच. चहा आहे का उरलेला?"