इरल्याच्या आत कोण?

"पाठ झाक रे बाबा हिची. डोस्कं काय, पदरानंबी झाकतं. तू पाठ झाक."

हा आवाज मी ऐकला तेव्हा मी अजून पुरता झालोही नव्हतो. सखारामआबा ओट्यावर बसून बांबूच्या कामट्या एकमेकींत गुंतवत होता आणि न्हाऊ घालताना आई बाळाशी बोलते तसा माझ्याशी बोलत होता. 'हिची' म्हणजे त्याच्या नव्या सुनेची, गंगीची. वडिवळे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या या वाडीत ती नुकतीच नांदायला आली होती आणि येत्या पावसात तिला भाताची रोपं लावायची होती.

मित्रांनो, मी इरलं. तुमच्यातल्या कितीकांनी मला पाहिलं असेल, शंकाच आहे. एक मोठं कासव डोळ्यांपुढे आणा, त्यातलं कासव काढून घ्या आणि नुसती पाठ ठेवा. तो मी. आतून-बाहेरून बांबूची जाळी, मध्ये दाटीनं भरलेली पळसाची पानं. डोक्यावर घेतलं की मी थेट गुडघ्यापर्यंत उतरतो. माणूस चिखलात वाकला की त्याच्या पाठीवर मी आणि माझ्या पाठीवर आभाळ. शिवाय त्याचे दोन्ही हात मोकळे. छत्रीला हे जमेल का? बढाई मारत नाही, पण नाही जमणार.

काय दिवस होते ते! खाचरात आम्ही इरली ओळीनं उभी राहायचो, जणू कासवांची वरातच. मागून सगळी सारखी, आत कोण ते कळायचं नाही. एकदा आत जाऊ आहे असं समजून गंगी शेजारच्या इरल्याला हळूच म्हणाली, "सासूबाई आज लय गुरगुरत्यात." आतून सासूबाईंचाच आवाज आला, "व्हय गं, भूक लागलीया." सगळं खाचर हसलं. मग ते हसू झाकायला गंगीनं ओवी धरली:

पावसाच्या माऱ्याखाली पाठ माजी कोरडी
सासऱ्यानं विणली गं जशी बांबूची झोपडी

माझं इतकं कौतुक त्यानंतर कुणी केलं नाही.

पुढे प्लॅस्टिकचा कागद आला. हलका, स्वस्त, घडी घालून काखेत मारता येणारा. त्याच्यावर माझा राग नाही, ज्याचं त्याचं नशीब. मी चुलीवरच्या माळ्यावर गेलो. धूर अंगात मुरत राहिला म्हणून कीड लागली नाही, एवढंच. काम नसलेल्या वस्तूला वर्षं फार लांब वाटतात हो. सखारामआबा गेला. गंगीची गंगीआजी झाली. तिचा मुलगा आणि सून सविता तळेगावला कंपनीत लागली, तिथंच खोली घेऊन राहू लागली. त्यांची मुलगी आरती आजीपाशी. घरात दोघीच.

आरती यंदा पहिलीत गेली. जूनपासून नाचत शाळेत जायची, आणि घरी आली की चुलीपुढे बसून दिवसभराचं सगळं आजीला ऐकवायची. कोण रडलं, कुणाच्या डब्यात काय होतं, बाई कशा हसल्या. मी माळ्यावर कान देऊन असायचो. शाळा मला अशी फुकटात घडत होती.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र एक गोष्ट घडली. भात कापून झालं होतं. दोघी सकाळी खळ्यावर पेंढ्या रचायला गेल्या आणि दुपारी आल्या त्या गप्पच. आजीचं कोपर सोललं होतं, लुगड्याला माती होती. आरतीनं तांब्या भरून दिला. पाणी पिऊन आजी म्हणाली, "कुनाला सांगू नगं हां. डोळ्यांपुढं अंधारी आली, पडले, उठले. झालं. वाडीला कळलं तर इर्जिकीला कोन घेईल मला?"

इर्जिक म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं भात झोडायचं, उद्या माझं. जो दुसऱ्याच्या खळ्यावर जात नाही, त्याच्या खळ्यावर कोणी येत नाही. आजीच्या भाताची पाळी शेवटची होती. आरतीला यातलं किती कळलं कोण जाणे, पण आजीनं सांगितलं तशी तिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

शाळा उघडली.

शाळेतल्या हर्षदाबाई तळेगावहून स्कूटरवर येतात. सुट्टीनंतर परतलेलं मूल म्हणजे उन्हातून घरात आलेला माणूस, त्याच्या डोळ्यांना जरा वेळ द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पहिला आठवडाभर पुस्तकं कपाटात. थंडी पडू लागली होती, तर वर्ग उन्हात भरायचा. ऊन ओसरीवर जसं सरकेल तसा वर्गही बूड घासत सरकायचा. प्रत्येकानं या दिवसांतलं काहीतरी आणायचं आणि इतरांनी डोळे मिटून नुसत्या वासावरून ते ओळखायचं. भाताची लोंबी, ओला पेंढा, झेंडू, आवळा. आवळ्यांची वजाबाकी तर मुलांनी तोंडानंच केली. आणि बाईंनी घरोघरी निरोप धाडला होता की पावसापाण्याची, थंडीवाऱ्याची एखादी जुनी वस्तू असेल तर शाळेला द्या.

असा मी माळ्यावरून उतरलो. गंगीआजीनं मला झटकलं, उन्हात धरलं, आणि काय तिच्या मनात आलं, गालाला लावलं.

पण मला घेऊन दोघी शाळेत पोचल्या, तशी आरती पायरीवरच अडून बसली. आजीचा पदर मुठीत धरला तो सोडेना. जूनमध्ये बडबडणारी पोर आता शब्द काढीना. मुलं म्हणाली, लाडावली. कुणी म्हणालं, दिवाळीला आईकडे जाऊन आली म्हणून आईची आठवण येत असेल. बाईंनी विचारलं, समजावलं, मग नुसत्या जवळ बसून राहिल्या. शेवटी आरती माझ्या आत शिरली आणि गुडघे पोटाशी घेऊन बसली. बाहेर फक्त पायाची बोटं.

बाईंना वाटलं, बरं झालं, पोरीला घर मिळालं. त्यांनी मला आरतीसकट अलगद वर्गाच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलं, म्हणजे तिला कुणाची नजर नको. मित्रांनो, मायेनं केलेली चूक ती हीच. आरतीला भिंत नको होती. तिला दारातून दिसणारी खळ्याची वाट हवी होती. ती हमसून रडली. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. माझ्या आत ती पुटपुटायची ते मला ऐकू यायचं: आजी पडली तर, आजी पडली तर. तेवढंच, पुन्हा पुन्हा.

बाईंनी मला पुन्हा दाराशी आणलं. रडू थांबलं. पण आजीनं पाठ फिरवली की आरती मला डोक्यावर घेऊन तिच्या मागे निघायची; वाटेनं एक इरलं आपलं आपण चाललंय, असा तो देखावा. लोक हसायचे. गंगीआजीला हसू येत नव्हतं. तिला पोरीला घेऊन माघारी यावं लागे आणि तिकडे दुसऱ्यांच्या खळ्यावर तिची जागा रिकामी राही.

याच आठवड्यात बाईंनी माझा खेळ काढला. एकानं माझ्या आत बसायचं आणि या दिवसांतलं काहीतरी व्हायचं. बाकीच्यांनी विचारायचं, इरल्याच्या आत कोण? मग आतल्यानं आपल्या मनातलं सांगायचं. उमेश खेकडा झाला. म्हणाला, पाणी आटलं, मी निजतोय, कुणी उकरलं तर चावीन. आकाश भाताचं पोतं झाला आणि पोट लय भरलंय म्हणून कण्हत बसला. मी इतका हललो की माझी जुनी पानं गळाली. इतकी वर्षं मी माणसांची पाठ झाकली. आता माझ्या आडून माणसं बोलू लागली होती. म्हणून म्हणतो, मित्रांनो, घरातली जुनी वस्तू चुलीत घालण्याआधी एकदा तिच्या आत शिरून बघा. आणि एखादं लेकरू कोपऱ्यात गप्प बसलं असेल तर त्याला लगेच भित्रं म्हणू नका. ते कुणासाठी भितंय, ते आधी विचारा.

शनिवारी सकाळी गंगीआजी आली ती मन घट्ट करूनच. आरती नेहमीसारखी माझ्या आत, दाराशी. आजी बाईंना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. पुढल्या साली बघू शाळंचं. ही माजा पदर सोडंना, नि मला खळं सोडता येईना."

बाईंचा चेहरा उतरला. एवढा आजचा खेळ होऊ द्या, मग न्या, असं त्या म्हणाल्या. त्यांनी मुलांना खूण केली आणि सगळा वर्ग माझ्याभोवती येऊन बसला.

"इरल्याच्या आत कोण?"

माझ्या आत एक छोटा श्वास वरखाली होत होता. मग फार बारीक आवाज आला.

"खळं."

उमेश हसायला लागला, बाईंनी त्याला डोळ्यांनी थांबवलं. "खळ्या, खळ्या, तुला काय वाटतं?"

"माज्यावर भात पडतं, त्ये मला लय आवडतं." जरा थांबून, "माज्यावर आजी पडली, त्ये न्हाई आवडलं."

बाई आणखी जवळ सरकल्या. आतलं खळं बोलतच होतं.

"आरती शाळंत बसली नि आजी परत पडली, तर तिला कोन उठवंल? खळ्याला हात न्हाईत."

"बाई, आरती बोलली," उमेश म्हणाला.

"आरती न्हाई बोलली," आतून फणकारा आला. "आरतीनं शपथ घेतलीया. ह्ये खळं बोललं."

मुलं खदखदून हसली आणि आतून आरतीलाही हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी ते माझ्या कामट्यांना लागलं. बाई मात्र गंगीआजीकडे बघत होत्या. आजीनं आधी हात झटकला, पोरगी कायबी बोलती, असं काहीसं म्हणू लागली, आणि ते तिच्याच्यानं पुरं झालं नाही. ती उंबऱ्यावर बसली. माझी कड उचलून तिनं आत डोकावलं.

"सुटली गं बाय तुजी शपथ," ती म्हणाली. मग बाईंकडे वळली. "व्हय बाई, पडले मी खळ्यावर. एकदा न्हाई, दोनदा. दुसऱ्या वक्ताला ही नव्हती संगं. मला भ्या वाटतंय. दवाखान्यात न्या मला."