सूत्रानंतरची मोकळी जागा

विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या तुहामींना प्राध्यापकपद हवं होतं. अर्ज तयार होता. एका शोधनिबंधाची भर पडली की झालं. निबंध स्वीकारलाही गेला होता. फक्त नियतकालिकाच्या कचेरीतून तंबी आली होती: वेगळ्या ओळीत मांडलेल्या प्रत्येक सूत्रानंतर तुमची ओळ आत सरकते, जणू नवा परिच्छेदच. वाक्य पुढे चालू असेल तिथे ती समासाला भिडवा.

चूक तुहामींचीच. सूत्र टाइप केलं की दम खायला एक रिकामी ओळ सोडायची त्यांची सवय. फळ्यावरही सूत्र लिहून ते मागे सरत आणि बोटांचा खडू झटकत. फळा काही म्हणत नसे. संगणक मात्र रिकामी ओळ दिसली की नवा परिच्छेद धरून चालतो.

सगळ्या ओळींना एकदम आज्ञा देऊन पाहिली, तर खरेखुरे परिच्छेदही भिंतीला टेकून बसले. म्हणजे एकेक सूत्र तपासणं आलं. स्फाक्स शहरातला ऑगस्ट, खिडक्यांच्या झडपा बंद, पंखा नावापुरता. बायको वसीला शाळेत गणित शिकवायची. ती शेजारी बसून कलिंगड कापत होती. नवा विचार की जुनाच, असं ती दर सूत्राला विचारी. जुनाच, म्हणत ते ओळ भिडवत.

असंच एक 'म्हणून' समासाला भिडलं, थेट सूत्राखाली.

"कशावरून म्हणून?" वसीलाने विचारलं.

तुहामींनी सूत्र पुन्हा वाचलं; त्यातून पुढचं निघत नव्हतं. आजवर सूत्र आणि 'म्हणून' यांच्यामध्ये नव्या परिच्छेदाची मोकळी जागा होती आणि तिथे सगळेच श्वास घेत. परीक्षकांनीही घेतला असावा.

"सरकव परत आत," ती म्हणाली. "कोण विचारतंय, सी तुहामी?"

'सी', म्हणजे 'सर', असं विद्यार्थी म्हणत. तिच्या तोंडी तो टोमणा असे.

त्यांनी ओळ आत सरकवली. छान दिसली. पुन्हा भिडवली.

"आता दिसलं ना मला."

"मग प्राध्यापक पुढल्या वर्षी."

"पुढल्या वर्षी."

"मागच्या वर्षीही पुढल्याच वर्षी होतं."

सिद्धतेत भोक आहे, निबंध मागे घेतो, असं त्यांनी कळवून टाकलं. कलिंगड संपायच्या आत उत्तर आलं: आभारी आहोत, पुन्हा पाठवाल तेव्हा उरलेल्या ओळीही भिडवलेल्या असाव्यात.

तुहामींनी हात पुसले आणि पुढचं सूत्र पडद्यावर आणलं.

"जुनाच," ते आपणहूनच म्हणाले.