केस नसलेली जात

सहायिकेने सकाळपासून तीच माशी सात वेळा सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि सातही वेळा उठून खिडकीपर्यंत येरझार घातली. चहावर केव्हाच साय धरली होती.

मधमाशीचे सोंग घेणाऱ्या या केसाळ माश्यांना प्रयोगशाळेत सगळे 'सोंगाड्या' म्हणत. त्यांच्या जाती ओळखायच्या त्या केसांवरून. नेहमीच्या जातीच्या पोटावर पांढऱ्या केसांचा पट्टा असतो. निवृत्त विभागप्रमुखांना, म्हणजे सरांना, तीस वर्षांपूर्वी पट्टा नसलेली ही एकुलती एक माशी सापडली. तिच्यावर त्यांनी नवी जात उभारली, जातीवर ग्रंथ आणि ग्रंथावर कीर्ती. आता गौरवग्रंथासाठी तिच्या पडताळणीवर सहायिकेची सही हवी होती. तिला नोकरीत कायम करणाऱ्या समितीचे अध्यक्षही सरच. आईने फोन करून दोनदा विचारले होते, पत्र आले का.

अडचण एवढीच, की पट्ट्याच्या जागी बारीक खड्ड्यांच्या ओळी होत्या. केस होते, ते झडले होते. कुणा विद्वानाच्या अंगठ्याने माशी जरा घट्ट धरली आणि विज्ञानात एका जातीची भर पडली.

सर आले. सूक्ष्मदर्शकावर वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"डोळे शिणलेत तुझे, बाळ. उद्या बघ."

"खड्डे उद्याही असतीलच, सर."

समिती गुरुवारी बसते आहे, असे त्यांनी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे सांगितले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला शिकवले होते, की नमुन्यावरची जुनी चिठ्ठी चूक असली तरी काढायची नाही; नवी चिठ्ठी त्याच टाचणीत तिच्याखाली टोचायची. तिने चिठ्ठी लिहिली: 'नेहमीचीच जात. केस झडलेले.' घाईत शाई फरफटली. दुसरी लिहिली, खाली नाव आणि तारीख घातली आणि सरांच्या चिठ्ठीखाली टोचली.

सरांचा हात पुढे आला. टाचणीपाशी बोटे थबकली. आयुष्यभर त्यांनी मोडलेल्या नियमांत हा एक नव्हता.

"अक्षर सुधार," एवढेच म्हणून ते निघून गेले.

फोन वाजला.

"पत्र येणार नाही, आई," ती म्हणाली. दुसऱ्या हाताने तिने शेजारचा खण ओढलाही होता. त्यात सरांच्या आणखी चार जाती होत्या.