लुंगी दिसली की पकड

मी बाही बोलतेय. सदऱ्याची नव्हे. पोलिसांच्या कुत्र्यांना माणूस धरायला शिकवतात, तेव्हा खोट्या चोराच्या हातावर चढवतात ती. आत गच्च गोणपाट, वरून जाड कातडं. पडेगावकडच्या एका मैदानावर माझं आयुष्य गेलं. पथकाचं नाव विचारू नका.

चावे खाणं हेच माझं काम. त्याची तक्रार नाही. कुत्रीचा दात प्रामाणिक असतो. 'पकड' म्हटलं की रुततो, 'छोड' म्हटलं की सुटतो. माझा राग माणसांवर आहे. केस पिकले म्हणून ज्यांना कुणी प्रश्न विचारायचा नाही, त्यांच्यावर जास्तच.

आमचे उस्ताद हवालदार आप्पासाहेब. खोटा चोर व्हायचा पाचोडचा शिपाई बद्रीनाथ. तो मला हातात घालायचा आणि आप्पांच्या हुकमानं मळकी, चौकड्यांची लुंगी गुंडाळायचा. रोज तीच. मग बिजली नावाची कुत्री त्याच्यामागं सुटायची, मला लोंबकळायची, आणि आप्पा खूश व्हायचे.

बिजलीला सांभाळणारी फहमिदा पथकात सगळ्यात तरुण. ती एकदा म्हणाली, "आप्पा, रोज लुंगीच का? एक दिवस तुमचा सफारी द्या की बद्रीला."

"चोर काय सफारी घालून येतो व्हय?"

"चोराचा शिंपी तुमच्या ओळखीचा दिसतोय!"

बद्रीनाथ खो खो हसला. आप्पा नाही हसले. "पोरी, तुझ्या बापाला मिसरूड फुटायच्या आधीपासून कुत्री शिकवतोय मी."

झालं! वय सांगितलं की उत्तर दिलं, असं या लोकांना वाटतं.

मग सिल्लोडला कापसाच्या एका जिनिंगमध्ये चोरी झाली. मी जीपमधून सगळं पाहिलं. फुटलेलं कुलूप हुंगून बिजली कचेरीच्या दाराकडे निघाली होती. कुत्री बघून हमाल पांगले. त्यातला अन्सार, लुंगीवर होता, तो भिऊन पळत सुटला.

"त्यो बघा! सोड तिला!" आप्पा ओरडले.

"आप्पा, भ्यालाय तो! वास तिकडचा नाय!"

आप्पांनी फहमिदाच्या हातातला पट्टा हिसकावला आणि स्वतःच म्हणाले, "पकड!"

अन्सारच्या हातावर मी नव्हते.

चोर दुसऱ्या दिवशी सापडला. कचेरीत बसणारा मुकादमाचा मेव्हणा, इस्त्रीचा शर्ट. आदल्या दिवशी आप्पांना चहा त्यानंच आणून दिला होता.

आता आप्पा पथकाच्या साहेबांना सांगू लागले, "कुत्रीच बिघडलीय. काढून टाका." फहमिदा पेटली. "साहेब, आधी मैदानावर चला. मग काढा."

साहेबांसमोर बद्रीनाथ पांढरा शर्ट घालून, मला चढवून धूम पळाला. फहमिदा 'पकड' म्हणाली, तरी बिजली शेपूट हलवत उभी. मग त्यानं लुंगी गुंडाळली आणि नुसता उभा राहिला. पळाला नाही. कुणी हुकूम दिला नाही. तरी बिजली बाणासारखी सुटली. एवढ्या जोरात ती मला कधी चावली नव्हती.

आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले, "आम्हालाबी असंच शिकवलं होतं, साहेब."

साहेबांनी घसा खाकरला. "कुत्री राहू द्या. कपडे बदलत जा. पण ही गोष्ट मैदानाबाहेर जायला नको. आणि तो हमाल तरी पळाला कशाला?"

अशी माणसं आपली मोठी! चूक कळते, तीही झाकायच्या कामापुरती.

फहमिदानं मला बद्रीनाथच्या हातातून ओढून काढलं. "मग मी सांगते त्या हमालाला, कुत्री पळाल्यामुळं नाही, लुंगीमुळं चावली म्हणून."

त्याच दिवशी ती मला काखेत मारून सिल्लोडला गेली. अन्सार बाजेवर बसला होता, डावा हात गळ्यात अडकवलेला. तिनं सगळं सांगितलं. लुंगी, आप्पा, साहेब, काही वगळलं नाही. मग त्यानं मला मांडीवर घेतलं, धडधाकट हातानं दाबून पाहिलं. अंगठा आत रुतेना.

"उसके दाँत रोकने को इतनी मोटी लगती है, बेटी?" त्यानं विचारलं.

फहमिदानं मला त्याच्या मांडीवरच राहू दिलं.

आता तिच्या बदलीची कुजबुज चालू आहे. अन्सारच्या तक्रारीत ती जबाब देणार आहे, आणि मी पुरावा म्हणून अन्सारच्याच घरी आहे. जबाबाच्या दिवशी मला तिथं न्या. माझ्या चिंध्या बघून हळहळू नका. अन्सारला उजेडात बसवा, त्याच्या हाताची पट्टी सोडून बघा, आणि मग त्याच्या तोंडावर विचारा, तू पळालास कशाला?