परत आलेले उसासे

परसातली विहीर चैत्रात उसासे परत करू लागली. उसासे जड असतात. ते वर न जाता घरात शिरले आणि जमिनीलगत साचले. सकाळी ते इंदूच्या घोट्यापर्यंत आले तेव्हा देवापुढची समई विझली. तिने ती पुन्हा लावली, ती पुन्हा विझली. मग समई फळीवर ठेवून इंदू कणीक मळायला बसली.

या घरातल्या बायका पाणी शेंदताना विहिरीत वाकून मन मोकळं करत आल्या होत्या. घरात उसासा टाकला की कुणीतरी काय झालं म्हणून विचारतं. विहीर विचारत नसे, सगळं निमूट पोटात घाली. यंदा पाणी इतकं तापलं की तिला ते धरवेना.

केर काढायला वाकावं तर कुणाचा ना कुणाचा उसासा नाकात जाई. इंदूला एक सापडला तो थेट सासूबाईंचा, आणि त्यात इंदूच्याच आमटीची तक्रार. बाईंना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी इंदूला राग आला तो आलाच.

दुपारी उसासे कमरेला लागले. लेक छबी कमरेएवढीच होती. इंदूने तिला झटकन कडेवर घेतलं.

"खिडकी उघड की," नवरा दिगंबर म्हणाला.

तिने उघडली. बाहेरही तेवढेच होते.

दिगंबरचं शीतपेयांचं दुकान होतं. "पाणी गार असलं की धरून ठेवतं," तो म्हणाला. "सोड्याची बाटली तापली की उतू जाते, बघितलंयस ना?" त्याने टेम्पो भरून बर्फाच्या लाद्या आणल्या आणि विहिरीत सोडल्या. उसासे परसाकडे ओढले गेले. जमीन मोकळी झाली. इंदूचे हात भरून आले होते, तिने छबीला खाली ठेवलं.

पण विहीर थांबली नाही. आपलं सगळं घेऊन झाल्यावर ती छबीचा श्वास ओढू लागली. छबीच्या नाकातून पांढरा दोरा निघाला आणि परसाकडे चालला. तो तुटेचना.

"आई, श्वास आत येतच नाहीये," छबी म्हणाली.

"अहो, विहिरीत गरम पाणी ओता."

"मग उसासे वर येतील. आता डोक्यावरून जातील."

"मग काय करायचं?"

"मला काय विचारतेस?" दिगंबर म्हणाला. त्याच्या एका हातात उकळत्या पाण्याची बादली होती आणि दुसऱ्यात बर्फाचा तुकडा.

इंदूला काही सुचेना. गार करावं तर पोर जाते, गरम करावं तरी पोर जाते. तिने दोरा पकडला. तो कोमट होता, त्याला दुधाचा वास होता. दुसऱ्या हाताने तिने छबीला पोटाशी धरलं आणि दोरा मनगटाला गुंडाळला. आता पोरीचा श्वास न्यायचा तर विहिरीला इंदूलाही ओढावं लागणार होतं.

विहिरीने पलीकडून हिसका दिला. मायलेकी फरपटत परसदारात आल्या.