फोटोंखालची उत्तरं

दादाच्या साइटवर शिलाई मशीनच्या बिघाडांविषयी एक हजार एकशे अठरा प्रश्न होते. लोक बिघाडाचा फोटो पाठवून विचारत आणि दादा खाली उत्तर लिही. तीन प्रश्न त्यानं मुद्दाम बिनउत्तराचे ठेवले होते. ती मशीनं नवीकोरी होती, आणि त्याच्या मते त्या माणसांनी आधी दुकानदाराशी भांडायला हवं होतं.

शेवटचे चार महिने त्याचे हात चालत नव्हते. तो अंथरुणावरून सांगायचा आणि वहिनी टाईप करायची. तो गेल्यावर ती रोज त्यातलंच एखादं उत्तर उघडून वाचायची. मग एके दिवशी, साइट जिथे ठेवली होती त्या कंपनीची डिस्क गेली. पान कोरं दिसू लागलं.

"घाबरू नका," मी म्हणालो. "दादानं सोय करून ठेवलीय. रोज आपोआप दोन प्रती निघतात आणि त्याच्या संगणकावर येतात. एक फोटोंची, एक डेटाबेसची. प्रश्न आणि उत्तरं डेटाबेसमध्ये असतात."

"तुमचे दादा कुलूप लावून तीनदा ओढून बघायचे," वहिनी म्हणाली. "त्यांचं काही हरवायचं नाही."

फोटो परत चढवले. सगळे आले, अगदी शेवटचासुद्धा. मग डेटाबेसच्या फाइली पाहिल्या. रोजची एक होती. पण तो अंथरुणाला खिळल्यापासूनच्या प्रत्येक फाइलचा आकार शून्य होता.

"वहिनी, पासवर्ड कधी बदलला होता का?"

"मी टाईप करायला लागले तेव्हा. आधीचा हातभर लांब होता, मला काही पाठ होईना. शेवटी वैतागून त्यांनी सगळीकडे माझं माहेरचं नाव टाकलं."

प्रती काढणाऱ्या प्रोग्रामला मात्र नवा पासवर्ड द्यायचा राहिला होता. तो जुनाच घेऊन रोज डेटाबेसच्या दाराशी जाई, हात हलवत परत येई आणि रिकामी फाइल ठेवी. फोटोंना पासवर्ड लागत नव्हता.

"म्हणजे माझ्यामुळे?"

"नाही, नाही. तसं काही नाही."

"भाऊजी, खोटं बोलताना तुमचेही कान लाल होतात."

आजारपणाआधीची शेवटची चांगली प्रत मी चढवली. त्यानंतरचे त्र्याण्णव फोटो तसेच उरले. त्यांच्यासोबत ना प्रश्न, ना उत्तर. वहिनीनं खुर्ची पुढे ओढली.

"लावा बघू पहिला."

फोटोत कापडाखाली धाग्याचा गुंता झाला होता.

"याला म्हणाले होते, आधी सुई उलटी तर लावली नाही ना ते बघा, मग मशीनला शिव्या द्या." ती हसली. मी टाईप केलं.

दुसऱ्या फोटोत तुटलेला पट्टा होता. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे सांगताना त्यांना खोकल्याची उबळ आली होती. मी पाणी दिलं. ग्लास कुठला होता तेही आठवतंय." तिनं मान हलवली. "काय सांगितलं, ते नाही आठवत. पुढचा लावा."

आठवडाभरात आम्ही सगळे फोटो दोनदा पाहिले. त्र्याण्णवांपैकी सव्वीस फोटोंखाली उत्तर आहे.